मारायचा राहिलेला ठोकळा

लाकडावर चित्र कोरून त्याचे ठसे काढणाऱ्या मंडळींत एक रीत आहे. ठरलेले ठसे काढून झाले की ठोकळा मारायचा. मारायचा म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत छिन्नीने एक खोल तिरकी चीर पाडायची. मग त्या ठोकळ्यावरून कुणाला चोरून आणखी ठसा काढता येत नाही. शब्द जरा दांडगाच आहे, पण मास्तरांच्या कामशाळेत 'दार लाव' म्हणावं इतक्या सहज तो सगळ्यांच्या तोंडी असे.

त्या दुपारी तिघं जमले होते ते याच कामासाठी. मास्तरांना जाऊन महिना झाला होता. त्यांनी शेवटचा कोरलेला ठोकळा मारायचा राहून गेला होता आणि गावातल्या बाकीच्या ठसेवाल्यांनी दोनदा आठवण करून दिली होती. ठोकळ्यावर मास्तरांनी या तिघांनाच कोरलं होतं. डावीकडे उभे शाईकाका, तीस वर्षं ठसे काढून ज्यांच्या नखांतली शाई कधी गेलीच नाही. मध्ये स्टुलावर बसलेली ताई. उजवीकडे, खाली, टेबलाला नाक लागेल इतकी वाकून कोरत बसलेली धाकटी. दोघी सख्ख्या बहिणी. आईबापांमागे ताईनंच धाकटीला वाढवलं आणि हातात छिन्नीही तिनंच दिली.

"काका, राहू द्या ना हा एक," ताई म्हणाली. "मास्तरांची आठवण म्हणून."

"मास्तरच चिडले असते. ठोकळा न मारणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, हे ऐकून ऐकून माझे कान किटले." शाईकाकांनी बाह्या सरसावल्या. "आणि माझं थोबाड एकदाचं मोडीत निघालं, तर जगाचं काय नुकसान होणार आहे गं?"

धाकटी हसली. छतातल्या काचेतून ऊन थेट टेबलावर येत होतं. जवसाच्या तेलाचा, शाईचा आणि भुशाचा रोजचाच वास होता. काकांनी वरच्या डाव्या कोपऱ्यात छिन्नी टेकवली आणि मोगरी हाणली. टक्. टक्. लाकूड सहा वर्षं सुकवलेलं, टणक. ढलप्या तडातडा उडत होत्या.

तिसऱ्या घावाला छिन्नी कोरलेल्या काकांच्या कपाळात शिरली आणि आवाज बदलला. ओल्या लाकडात घाव बसावा तसा, बद्द. काकांनी घाम पुसायला कपाळावर मनगट फिरवलं आणि पुढचा घाव घातला. आणखी एक. ठोकळ्यावर लाल थेंब पडायला लागले.

"काका," धाकटी म्हणाली, "काका... थांबा. तुमचा चेहरा..."

कपाळापासून जबड्यापर्यंत त्यांचा चेहरा उघडला होता. भुवई दुभंगली होती, डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं आणि गालाच्या फटीतून दाढा दिसत होत्या. काकांनी हात लावून बघितला. मग ठोकळ्याकडे बघितलं, मग हाताकडे. दोघींच्या आधी त्यांना कळलं.

"म्हाताऱ्या..." ते मास्तरांच्या नावानं पुटपुटले. पुढच्या क्षणी, तीस वर्षं गरीब गाय म्हणून नावाजलेला तो माणूस गुरासारखा ओरडला आणि ठोकळा फोडायला छिन्नी-मोगरीसकट दोन्ही हात उंचावून धावला.

"फोडू नका! आम्हीही आहोत त्यात!" ताईनं त्यांचं मनगट धरलं. काकांनी तिच्या खांद्यावर मोगरी हाणली. हाड मोडल्याचा आवाज धाकटीला स्पष्ट ऐकू आला. ताईनं तरी सोडलं नाही, ती त्यांच्या हाताला कडकडून चावली. त्यांनी तिला भिंतीवर भिरकावलं, पण त्या झटक्यात त्यांचाच तोल गेला आणि अंगाचा सगळा भार छिन्नीवर आला. छिन्नी आधीच पडलेल्या चिरेत बसली आणि तशीच पुढे घसरत गेली, कोरलेल्या ताईच्या गळ्यातून आरपार. काका ठसे काढायच्या दाबयंत्राच्या लोखंडी कडेवर डोक्यानं आपटले. मग उठले नाहीत.

ताई चार हात लांब, भिंतीला टेकून उभी होती. छिन्नी तिच्या जवळपासही नव्हती. तिचा गळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटला.

धाकटीनं तिला खाली निजवून ॲप्रनचा बोळा गळ्यावर दाबला, एका हातानं फोन लावला. ॲम्ब्युलन्सला वीस मिनिटं लागतील म्हणाले. बोटांच्या फटींतून रक्त नुसतं वाहत होतं. ताईकडे वीस मिनिटं नव्हती, पाचही नव्हती. ताई गेली तर या जगात तिचं म्हणावं असं दुसरं कुणीही नव्हतं.

तिनं ठोकळ्याकडे बघितलं. कोरताना चूक झाली तर काय करतात? ठिगळ लावतात. बिघडलेल्या जागी लाकडाचा नवा गुटका सरसानं बसवायचा आणि त्यावर पुन्हा कोरायचं. पण गुटका बसवायला आधी चौकोनी भोक पाडावं लागतं. बिघडलेल्याभोवतीचं चांगलं लाकूडही काढावं लागतं.

"ताई... खणावं लागेल गं. सोसशील?"

ताईनं डोळे मिटून उघडले.

धाकटीनं ठोकळ्यावर घातलेल्या पहिल्या घावाला ताईच्या टाचा फरशीवर ताडताड आपटल्या. दुसऱ्याला तिनं स्वतःची जीभ चावली. धाकटी रडत होती, शिव्या देत होती, मास्तरांना, काकांना, स्वतःला. हात मात्र चालूच होता. चौथ्या घावानंतर तिनं वळून बघितलं. ताईच्या गळ्यात पट्टी लावून आखावं असं चौकोनी भोक होतं आणि आत काहीतरी धडधडत होतं. धाकटी तिथंच ओकली. बाहीनं तोंड पुसून तिनं गुटका कापला, सरस लावला, मोगरीनं ठोकून बसवला. नळ बंद करावा तसं रक्त थांबलं.

मग ती गळा कोरायला बसली. एक रेघ ठोकळ्यावर, एक नजर ताईकडे. शिरा, वळ्या, गळ्याखालची खळगी. शेवटची रेघ ओढली आणि ताईनं मोठा श्वास घेतला.

दवाखान्यात डॉक्टर चक्रावून गेले. "एवढं रक्त गेलंय, पण जखम कुठे आहे?" गळ्यावर एक पुसट चौकोन होता, बस्स. काका जागीच गेले होते. पोलिसांनी छिन्नीवर पडून मृत्यू असं लिहून घेतलं आणि कामशाळेला सील ठोकलं. धाकटी खांदा प्लास्टरमध्ये घातलेल्या ताईच्या उशाशी बसून राहिली.

संध्याकाळी ताईनं डोळे उघडले. "टीकधा," ती म्हणाली.

गुंगीत असेल, धाकटीला वाटलं. पण आवाज स्वच्छ होता, मायेचा होता, ताईचाच होता. "टीकधा. णीपा."

धाकटीनं पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला, आणि मगच तिच्या ध्यानात आलं, आपण शब्द उलटे लावून ऐकले होते: धाकटी, पाणी. ठोकळ्यावर सगळं उलटं कोरायचं असतं, तेव्हा ठशात सुलटं उमटतं. हे पहिल्या दिवशी शिकवतात. तिनं घाईत, समोरच्या ताईकडे बघून, गळा होता तसाच सरळ कोरला होता. वीस वर्षांत कधी न केलेली चूक तिनं नेमकी आज केली होती.

तिला हुंदका फुटला आणि हसूही आलं. "बोल, उलटं तर उलटं," ती ताईचा हात कुरवाळत म्हणाली. "मी शिकेन. तू आहेस ना, मला तेवढं पुरे."

ताई तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यामागे, जरा वर बघत होती. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं. तिच्या डोळ्यांत भीती दाटून आली.

"कोनरूमा," ती कुजबुजली. मग हात जोडायला म्हणून धडपडली, पण एकच हात उचलला गेला. "कोनरूमा... कोनरूमा..."

धाकटीनं अक्षरं एकेक करून उलटी लावली. मा. रू. न. को.

"कुणाला सांगतेस, ताई?" तिनं मागे वळून बघितलं. पांढरी भिंत आणि बंद दार. "कुणी नाहीये गं... ठोकळा तर सील लावलेल्या कामशाळेत आहे."

ताईची नजर हळूहळू खाली यायला लागली, तिरकी, कुणीतरी वाकत असावं तशी, आणि धाकटीच्या वाकलेल्या डोक्यावर येऊन थांबली.

धाकटीच्या मांडीवर काहीतरी अलगद पडलं. तिनं ते चिमटीत उचललं. लाकडाची एक पातळ, वळलेली, ताजी ढलपी होती.