पाटावरचा बेस

"दोन्ही कानांत घाल म्हटलं ना! एक काढून गळ्यात काहून लटकवलं? मंगळसूत्र आहे का ते?"

अख्खा बँड हसला. सुगतच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यानं बेस गिटारच्या तारांवर पंजा दाबला, आवाज बंद केला आणि समोर पाहिलं. रांझीच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये मिक्सरमागे नेहमी देवीदासकाका सुपारी चघळत बसलेले असायचे. आज तिथं एक पोरगी उभी होती. पिवळा कुर्ता, ओढणी कमरेला खोचलेली, केसांत खुपसलेला पेन. एका हातात टॅब, दुसऱ्या हातात छोटा माइक, आणि नजर अशी, की जॅक सैल आहे की माणसाचं डोकं, ते लांबूनच कळावं.

"तुम्ही कोण, मॅडम?"

"पद्मजा. देवीदास साउंडची. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी आली. आता घालतो?"

"नाही घालत."

"काहून?"

"मर्जी."

"अच्छा! मर्जी!" ती म्हणाली. "मग मर्जीनंच वाजवून राहिला तू. ड्रम पुढं चालला अन् तू मागून थैली घेऊन येऊन राहिला."

पुन्हा हशा. सुगतला राग यायला वेळ लागत नव्हता. दहावीत असताना सरांशी भांडून वर्गातून उठला, तो परत शाळेच्या फाटकात गेला नाही. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये टिकला नाही, मामाच्या दुकानात टिकला नाही. टिकला तो फक्त या चार तारांवर. आणि आता तेही हातातून जाऊन राहिलं होतं.

कारण हे कानातलं. 'निळाई' बँडचे भैयालालभैया, की-बोर्ड वाजवायचे अन् सगळ्यांना सांभाळायचे, त्यांनी या मोसमात सगळ्यांसाठी इन-इअर आणले. कमरेला एक डब्बी, कानात दोन बोंडं. ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या कानात. स्टेजवर माइकची शिट्टी नाही, गोंगाट नाही, गाणारीचा गळा मोकळा. सगळे खूश. सुगतच्या पाठीमागं असायची ती छातीएवढी बेसच्या स्पीकरची पेटी मात्र गेली गोदामात.

आणि एक कान उघडा ठेवला की हॉलचा फिरून आलेला आवाज त्यात घुसायचा. फिरून आलेला म्हणजे उशिराचा. सुगत त्याच्यामागं जायचा, ठेका सुटायचा. शहपुऱ्याच्या कार्यक्रमात असाच घसरला होता.

"हे बघ बेटा," भैयालालभैयांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, "जयंतीनंतर विदर्भाचा दौरा आहे. चौदा तारखेला तुझा बेस जागेवर राहिला तर तू चल. नाहीतर नागपूरचा एक पोरगा तयार बसला आहे. मग तू ते कानात घाल नाहीतर नाकात."

आणि आता ही पिवळी वीज.

"ऐक," पद्मजा म्हणाली. या वेळी आवाज समोरून नाही आला. त्यानं चरफडत दोन्ही बोंडं कानांत घातली होती अन् तिनं छोटा माइक तोंडाजवळ धरला होता. आवाज थेट डोक्याच्या मधोमध आला. "तुझ्याजवळ माइक नाही. मी विचारीन, तू तारेनं सांगायचं. हो असेल तर जाड तार एकदा. नाही असेल तर दोनदा. समजलं?"

ढुम, ढुम.

"अरे, मी अजून काही विचारलंच नाही!"

ढुम, ढुम.

ती हसली. हसू दाबायला गेली, पण माइक तोंडाशीच होता... ते सगळं हसू, श्वासासकट, सुगतच्या दोन्ही कानांत सांडलं. इतक्या जवळून कुणाला हसताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो उगाच वाकून तारेची खुंटी पिळायला लागला. खुंटी बरोबरच होती.

"ड्रम ऐकू येऊन राहिला?"

ढुम.

"गाणं?"

ढुम.

"डोकं ठिकाणावर आहे?"

त्याच्या अंगठ्यानं विचार न करता दोनदा मारलं. मग सगळ्यांत आधी तोच हसला.

पण गाणं सुरू झालं तसं पुन्हा तेच. दोन कडवी कशीबशी गेली, तिसऱ्याला बेस मागं पडला. भैयालालभैयांनी हात वर करून थांबवलं. नुसता चष्मा पुसला. सुगतनं कानातलं ओढून काढलं, डब्बी खुर्चीवर आदळली अन् बाहेर निघून गेला.

बाहेर ऊन पांढरंफटक. फॅक्टरीची शिफ्ट सुटली होती, सायकलींची रांग घंट्या वाजवत चालली होती. नळावर तोंड धुऊन तो लिंबाखाली बसला. थोड्या वेळानं बाजूला चहाचा ग्लास आला. ग्लासामागं पिवळी बाही.

"डब्बी कोणी अशी आपटली तर मी त्याला चहा देत नसते," पद्मजा म्हणाली. "आज पहिल्यांदा देऊन राहिली."

"मग काहून देऊन राहिली?"

"तू वाईट नाही वाजवत. तुझा हात बरोबर आहे. दुसरं काहीतरी हरवलं आहे तुझं. काय हरवलं?"

कुणी असं विचारलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, अडेल आहे, नाटकं करतो. सुगतनं चहाकडे पाहत सांगितलं, "तिलवाऱ्याला नर्मदेत डुबकी मारली की कसं होते माहीत आहे? वरचं सगळं बंद. लोक बोलून राहिले, पण दूर... हे कानात घातलं की तसं होते. अन् माझी पेटी मागं होती ना, तेव्हा बेस पायातून यायचा. मी चप्पल काढून वाजवायचो. तळव्याला कळायचं, हो, वाजून राहिलं. आता वाजवतो मी अन् ऐकतो भलताच कोणी."

तो थांबला. इतकं एका दमात तो घरीसुद्धा बोलत नसे.

"हसणार आहेस का?"

"नाही," ती म्हणाली. खरंच हसली नाही. त्याच्या पायांकडे पाहिलं. धुळीतले अनवाणी पाय. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती काहीतरी मोजत असल्यासारखी बघत राहिली.

"माझे पाय काय बघून राहिली?"

"माप."

"पायजेब आणणार?"

"तोंड बघ! चहा पी, थंड होऊन राहिला."

चौदा एप्रिलला रांझीच्या मैदानावर निळ्या झेंड्यांखाली माणूसच माणूस. पोरं बापांच्या खांद्यावर, बाया पांढऱ्या साड्यांत, एका कोपऱ्यात ताकाचे पिंप. ऊन उतरलं तरी जमीन भाजत होती. सुगत स्टेजवर चढला तर त्याच्या जागेवर एक लाकडी पाट. जेवायला घरी असतो तसा, पितळी फुलं ठोकलेला, फक्त चार बोटं उंच.

"चप्पल काढ अन् चढ," मागून पद्मजा म्हणाली. तिच्या बोटाला पट्टी होती.

"हे काय?"

"आईचा पाट. खाली जुन्या स्पीकरचं चुंबक बसवलं आहे. तुझ्या बेसची एक लाइन फक्त त्याला दिली."

"आईनं दिला पाट?"

"आईला सांगितलं, पाहुणे येणार आहेत."

भैयालालभैया की-बोर्डवरून ओरडले, "वा वा! नवरदेव पाटावर चढला! अरे, हळद कुठं आहे?"

"भैया, वाजवा ना तुम्ही!" पद्मजा लाल होऊन पळाली ती थेट गर्दीपलीकडच्या मिक्सरपाशी. सुगतनं चप्पल काढली. दोन्ही कानांत बोंडं घातली. जग बंद झालं... आणि त्या बंद जगात तिचा आवाज आला, "लोकांकडे तोंड करून एक माइक लावला आहे. टाळ्या आल्या तर तुझ्याही कानात येतील. डुबकी नाही मारायची आज. वाजव."

त्यानं जाड तार छेडली. लाकूड थरथरलं. तळवे, पोटऱ्या, गुडघे... बेस पायातून वर चढला अन् छातीत येऊन बसला. गेलेला माणूस घरी आल्यासारखा. सुगतनं डोळे मिटले. ड्रमचा ठेका अन् त्याचा अंगठा एकाच पायानं चालायला लागले. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला मैदान टाळ्या देत होतं अन् त्या टाळ्या त्याच्या कानात पावसासारख्या येत होत्या. भैयालालभैयांनी एकदा वळून पाहिलं. चष्मा पुसला नाही. मान डोलावली.

मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. लांबलं. बँड आपापल्या जागी उभा. सुगत घाम पुसत होता, तेवढ्यात कानात हलकेच—

"सुगत... पाय बरे आहेत?"

ढुम. अगदी हळू.

"माझ्यावर चिडला आहेस अजून?"

ढुम, ढुम. पाहुण्यांनी वळून पाहिलं.

"दौऱ्यावर जाशील आता तू. तिकडे साउंड तिकडचाच असतो. दुसरं कोणी बोलेल तुझ्या कानात... चालेल?"

ढुमढुम! पाहुणे दचकले.

मग बराच वेळ नुसती सरसर. तिनं माइक तोंडाजवळच ठेवला होता. श्वास येत होता, जात होता. सुगतनं मान वर केली. सगळ्या डोक्यांच्या पलीकडे मिक्सरचा छोटा दिवा, अन् त्यावर वाकलेला चेहरा. इकडे पाहत नव्हता.

"मग... मी आवडते का तुला?"

सुगतनं आवाजाची खुंटी पूर्ण फिरवली. जाड तार, एकदा. मन भरून.

ढुऽऽम!

मैदान हललं. ताकाच्या ग्लासांत गोल लाटा उठल्या, कुणाचं तरी बाळ जागं झालं. पाहुणे पुढचं वाक्य विसरले, "एवढं बोलून..." म्हणाले अन् बसले. लोकांनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या.

तेव्हा सुगतला दिसलं. ड्रमवाला काड्या तोंडात धरून हसत होता. गाणारी हेमलतादीदी पदरात तोंड लपवून उभी होती. भैयालालभैया की-बोर्डकडे पाहत होते, पण खांदे गदगदा हलत होते.

कानात घाबराघुबरा आवाज आला, "ते... सगळ्यांच्या कानांत गेलं का?"

सुगतनं डोळे मिटले अन् तार छेडली. एकदा.

"अरे बाप रे!" अन् खट्! माइक बंद.

"बेटा," भैयालालभैया वाकून म्हणाले, "प्रश्न मलाही आला होता. पण म्हटलं, उत्तर तू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलसमोर गाडी लागली. सामान चढलं, माणसं चढली. नागपूरच्या पोराचा विषय कुणी काढला नाही. सुगत दारात पाय ठेवून उभा, आत जात नव्हता.

ती आली. जुन्या चादरीत गुंडाळलेला पाट उराशी धरून.

"हे विसरला."

"तुझ्या आईचा आहे. पाहुणे आले तर?"

"आले की जमिनीवर बसतील." तिनं पाट सीटवर ठेवला. बोटाची पट्टी नवी होती. "अन् कानातलं बोंड काढायचं नाही तिकडे. एकही."

"कोणासाठी घालू? तू तर नसशील."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. हॉलच्या आत काळा चष्मा लावून देवीदासकाका खुर्चीवर बसले होते, सुपारी कातरत. सुगतनं तिकडं पाहिलं, मग तिच्याकडं. सगळा राग, सगळा तोरा, काही कामाचं नव्हतं आता.

"पद्मजा... वापस आलो की काकांशी बोलू का? आपलं?"

तिनं मान खाली घातली. हात गाडीच्या पत्र्याकडे गेला. बोट वाकवलं—

ठक.

सुगतनं श्वास रोखला. हात अजून पत्र्याजवळच होता. एक सायकल घंटी वाजवत गेली. कुल्फीवाला ओरडत गेला. बोट पत्र्यापासून एवढ्याशा अंतरावर थांबलेलं... दुसरा ठोका आला तर?

तिनं हात मागं घेतला अन् ओढणीत लपवला. मग वर पाहिलं. सरळ त्याच्याकडं.

त्याला खूप काही सांगायचं होतं. पण भैयालालभैया हॉर्नवरचा हात काढून नाही राहिले, अन् सुगतला आता निघायचं आहे.