जुन्या ओळींना धक्का न लावता

बाबांचा शेवटचा साधा दिवस एका कवळीपासून सुरू झाला. जन्मभर त्यांनी लोकांचे दात बनवले होते, आणि निवृत्त झाल्यावरही ओळखीतलं कोणी आलं की खिडकीपाशी कानस घेऊन बसायचे.

"जरा हसून दाखव," ते म्हणाले.

"आत्ता?"

"नमुना हवाय. या आजोबांना नैसर्गिक हसू हवंय म्हणे. तुझं तसं नैसर्गिक आहे, फक्त बाहेर क्वचित पडतं."

मी दात दाखवले.

"याला हसणं म्हणतात? हा तर चावा झाला!"

"बाबा, उशीर होतोय मला."

"जा, जा. त्या कॉम्प्युटरलाच जावई करून घेतो. निदान घोरत तरी नाही." मग मी दारात असताना, नेहमीसारखं, "डबा घेतलास?"

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. डबा घेतलास का, पोचलीस का, गोळी घेतली का... आमची माया एवढ्याच प्रश्नांतून ये-जा करायची. त्या मायेचं नाव कोणी घेत नसे.

मी शहरातल्या सगळ्या वाचनालयांचा डेटाबेस सांभाळते. एका टेबलात सभासद, दुसऱ्यात त्यांनी नेलेली पुस्तकं. त्या दिवशी मला एक नियम घालायचा होता : पुस्तक नेल्याच्या नोंदीची प्रत्येक ओळ कुठल्यातरी खऱ्या सभासदाचीच असली पाहिजे. आज्ञा लिहून झाली होती. बोट एंटरवर होतं.

"ही खुर्ची कोणाची आहे का हो?"

मागे एक उंच माणूस उभा. त्याच दिवशी बदलून आलेला. बसायला जागा नाही, हातात स्वतःचा कीबोर्ड. खुर्चीचं विचारता विचारता त्याची नजर माझ्या स्क्रीनवर गेली.

"एंटर... दाबणार आहात?"

"शोभेसाठी ठेवलं नाहीये ते."

"दाबा की. फक्त वाचनालयांतल्या रांगा तुमच्या नावाने खडे फोडतील." तो न विचारताच बसला. "नियम घालताना तो प्रत्येक जुनी ओळ तपासणार. तोवर टेबल अडलेलं. ना पुस्तक देता येणार, ना घेता."

"मग नियम घालायचाच नाही?"

"घालायचा. पण आधी फक्त नव्या ओळींसाठी. जुन्यांना म्हणायचं, तुम्ही बसा निवांत, तुमच्याकडे नंतर येतो. मग त्या सवडीने दुरुस्त करायच्या आणि शेवटी तपासायच्या. त्या तपासणीत कोणाचं काम अडत नाही." त्याने कीबोर्ड मांडीवर ठेवला. "आणि हो, ताटकळायची मर्यादा घाला. टेबल दोनतीन सेकंदांत मोकळं मिळालं नाही, तर आज्ञेने गुपचूप मागे फिरायचं. नाहीतर ती दारात उभी राहते आणि मागे सगळ्यांची रांग लागते."

"आणि मागे फिरल्यावर?"

"थोड्या वेळाने पुन्हा यायचं. जरा सबुरी."

दुपारपर्यंत त्याचं नाव सबुरी पडलंही. ठेवलं मीच. नियम मात्र त्याने सांगितला तसाच घातला. तिसऱ्या प्रयत्नाला टेबल मोकळं मिळालं आणि कुठल्याही वाचनालयातून फोन आला नाही.

"चहा?" निघताना त्याने विचारलं.

"आज नको. घरी वाट बघतात."

"मग पुन्हा कधीतरी," तो म्हणाला, आणि खरंच दोन पावलं मागे सरकला. मला हसू आलं. नैसर्गिक.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले.

त्यानंतरचे दिवस माणसांचे होते. काका, मावशी, शेजारी, आणि ते कवळीवाले आजोबाही, पदराआड तोंड लपवावं तसं रुमालाआड लपवून रडणारे. सबुरी एकदाच आला. दारातच उभा राहिला, फळांची पिशवी मावशीकडे दिली आणि गेला. मग अधूनमधून त्याचा एखादा निरोप यायचा : "आज ऑफिसातला पंखा दुरुस्त झाला. उत्तर नको." आणि नंतर बरेच दिवस काही नाही.

मी कामावर परतले तेव्हा जुन्या ओळी तशाच होत्या.

"त्या मी बघतो," सबुरी म्हणाला. "तुम्ही दुसरं काहीतरी घ्या."

"का?"

"त्यांना... पोरक्या ओळी म्हणतात."

"शब्दाला घाबरते असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही. मी घाबरतो."

आम्ही दोघं बसलो. पूर्वी सभासद शहर सोडून गेला किंवा वारला, की त्याचं नाव टेबलातून उडवून टाकायची पद्धत होती. त्याने नेलेली पुस्तकं मात्र दुसऱ्या टेबलात राहायची, कोणाचीच नसल्यासारखी. वरून सूचना होती, या ओळी सरळ काढून टाका.

"नाही काढायच्या," मी म्हणाले. "या माणसांनी ही पुस्तकं वाचलीत. ते घडलंय."

"मग तपासणी पार कशी पडणार?"

"सभासद परत आणू. जुन्या बॅकअपमध्ये नावं आहेत. पुढे फक्त लिहू : माजी."

तो माझ्याकडे बघत राहिला. "हे मला सुचलं नसतं."

"सबुरी कमी पडली."

कित्येक दिवसांनी मी कोणाला तरी टोमणा मारला होता. तो इतका खूश झाला, की चहा स्वतःच घेऊन आला.

काम संपत आलं तेव्हा कळलं, त्याला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय.

"जाणार?"

"उद्या कळवायचंय." तो पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. "एका माणसाला विचारायचं होतं. पण ते सध्या... दुःखात आहे. त्याच्या दारात उभं राहून वाट अडवायची नाहीये मला."

"त्याने काहीच सांगितलं नाही तर?"

"तर समजेन, जागा नाही. मागे फिरेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेवटची तपासणी सुरू केली. खिडकीवर बारीक भुरभुर. वाचनालयांत लोक पुस्तकं नेत होते, आणत होते, आणि तिकडे एकेक जुनी ओळ आपलं माणूस शोधत होती. सगळ्यांना ते सापडलं. नियम पक्का झाला.

सबुरी उठला. "छान झालं," म्हणाला. तिकडे कळवायला फोन हातात घेऊन दाराकडे वळला. त्याच्या पाठीकडे बघताना माझ्या लक्षात आलं — हा माणूस कधीही धक्का देणार नाही. आणि मी अशा घरात वाढले, जिथे कोणी कधीच काही म्हणत नाही. आम्ही दोघं असेच, अत्यंत समजूतदारपणे, एकमेकांना गमावून बसू.

"थांबा," मी म्हणाले. तो वळला.

"माझे बाबा मला फार आवडायचे. फार. हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही, आणि आता कोणाला सांगू तेही कळत नाही, म्हणून तुम्हाला सांगते." मी हात टेबलावर टेकवले. "आणि तुम्ही... तुम्ही समोर आहात, ऐकताय, म्हणून हेही आत्ताच सांगते. तुम्ही मला आवडता. जाऊ नका."