बटण कुठे गेली?

“मामा, आवाज ऐकू आला तरच बटण दाबायचं... उगाच नाही.”

“उगाच कुठे? मला आवडतंय म्हणून दाबतोय!”

काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसलेले मामा भलतेच खूश होते, आणि माझ्या शेजारी उभा असलेला त्यांचा भाचा हसू आवरायची पराकाष्ठा करत होता. मी कान तपासते. दिवसभर लोकांना बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि कोणता ऐकू आला नाही ते टिपायचं, हे माझं काम. इथे माणसं तोंड पाडून बसतात. हसणारी जोडी पहिल्यांदाच आली होती.

“तुम्ही काय करता?” मी विचारलं. विचारायचं तसं काही कारण नव्हतं.

“लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो.”

“आणि अडकलेल्या बायकांना?”

“त्यांना जरा... सावकाश,” तो म्हणाला आणि स्वतःच लाजला. डोळे काय बोलके होते मेल्याचे!

तपासणी संपली. मामा पूर्वी गिरणीमागच्या गल्लीत भाड्यानं सायकली द्यायचे, असं बोलता बोलता निघालं, आणि माझं पेन थांबलं. ती माझी गल्ली. बाबांची बदली होईपर्यंत मी तिथेच वाढले. याच मामांची लाल सायकल घेऊन मी आणि बटण ती गल्ली पालथी घालायचो. बटण माझी जिवाभावाची मैत्रीण. तिच्या वडिलांचं बटणांचं दुकान, म्हणून हे नाव. पॅडल मी मारायची, ती मागे कॅरिअरवर. कारण जरा धावली की तिचे ओठ निळे पडायचे. हृदयाला जन्मापासून भोक होतं. ‘ही पोर फार दिवस काढायची नाही,’ असं कुणीतरी तिच्या आईला सांगताना मी दाराआडून ऐकलं होतं.

मग आम्ही शहर सोडलं, पत्ते बदलले, संबंध तुटले. नोकरीनं मला परत याच शहरात आणलं, तरी गिरणीच्या बाजूला मी कधी फिरकले नाही. विचारत नाही तोवर ती जिवंत होती ना... म्हणून मी कुणाला विचारलंच नाही.

त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं. “मामा, बटण आठवते?”

“दाबलं की! आणखी किती दाबू?”

भाचा खो खो हसला. मी मामांच्या कानाशी वाकले. “बटणवाल्यांची मुलगी! बटण!”

“हां, ती होय? ती गेली की!” मामा खणखणीत आवाजात म्हणाले.

कानाचं मशीन आलं की कळवते, एवढं कसंबसं बोलून मी त्यांना वाटेला लावलं, आणि त्याच बंद खोलीत जाऊन बसले. तिथे रडलेलं बाहेर ऐकू जात नाही. पण काचेतून दिसतं, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मान वर केली तर भाचा बाहेर उभा... विसरलेली छत्री न्यायला परत आला होता. त्यानं काचेवर टकटक केली नाही. खुर्ची ओढून माझ्याकडे पाठ करून बसला, आणि मी बाहेर येईपर्यंत बसूनच राहिला.

मी त्याला सगळं सांगितलं.

“मामांचं ‘गेली’ फार सैल असतं हो,” तो म्हणाला. “शेजारीण बाजारात गेली तरी गेली, आणि वीज गेली तरी गेली. मशीन आलं की त्यांना नीट विचारू. तोवर रडू नका... उगाच फुकट जायचं.”

रडता रडता मला हसू फुटलं. तिथेच माझं काहीतरी बिनसलं असावं.

मग तो मशीनची चौकशी करायला हात धुऊन मागे लागला. आज आलं का, उद्या येईल का...

“हे फोनवरही विचारता येतं,” मी एकदा म्हणाले.

“फोनवर मला नीट ऐकू येत नाही. माझेही कान तपासता का?”

तपासले. “उत्तम आहेत.”

“काय म्हणालात?”

मशीन आलं, मी ते मामांच्या कानात बसवलं आणि धीर करून पुन्हा विचारलं. मामा उखडलेच. “वारली? कोण म्हणालं? अगं, त्यांनी दुकान बसस्थानकापाशी हलवलं, तेव्हा सगळी तिकडे गेली. घर सोडून गेली! मी कशाला मारू पोरीला?”

माझा जीव भांड्यात पडला. मी मामांना अशी काही मिठी मारली की कानातलं मशीन शिट्टी मारू लागलं. भाच्याकडे पाहिलं, तर त्याचेच डोळे भरले होते.

रविवारी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून निघाले. भुरभुर पाऊस होता आणि माझी टकळी चालू होती. तिला आधी चांगली झापणार, मग मिठी मारणार, मग तुमची ओळख करून देणार...

“काय म्हणून?” त्यानं आरशातून विचारलं.

“बघू...” मी म्हणाले आणि आरशातून नजर काढून घेतली.

दुकान लगेच सापडलं. भिंतभर लहान लहान खण आणि प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा नमुना शिवलेला. काउंटरवर तिचा धाकटा भाऊ. शेंबडा होता तेव्हा पाहिलेला, आता चांगला दाढीवाला. मी नाव सांगताच तो उठून उभा राहिला.

“लाल सायकलवाली ताई?”

“तीच! बटण कुठाय?”

त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. “ताई... गेली.”

“कुठे गेली?” मी हसत विचारलं.

त्यानं माझ्यावरची नजर काढून माझ्यामागे पाहिलं. आणि खांद्यावर भाच्याचा हात आला तेव्हा मला कळलं.

मागच्या हिवाळ्यात. झोपेतच. भाऊ हळूहळू सांगत होता. मोठं ऑपरेशन झालं होतं, त्यानंतर तब्येत छान सुधारली होती. सायकल शिकली, स्वतःची घेतली, दुकानात सायकलनंच यायची. “तुमची फार आठवण काढायची. शोधावं म्हणायची. मग म्हणायची, जाऊ दे, तिच्या हिशेबी मी केव्हाच मेले असेन. भुतासारखी दारात कशाला उभी राहू?”

अगदी तिचंच बोलणं. मला हसू आलं आणि त्या हसण्यातच मी कोसळले. एकाच शहरात होतो आम्ही! तिनं विचारलं नाही, मी विचारलं नाही... आणि विचारायची वेळ निघून गेली.

बाहेर पायरीवर किती वेळ बसले, कुणास ठाऊक. भाचा शेजारी बसून होता. समजूत घालत नव्हता, म्हणून बरं वाटत होतं. त्याची बाही भिजून माझ्या हाताला लागत होती. उद्यापासून याला माझ्याकडे यायला काही निमित्त उरणार नाही, हे एकदम ध्यानात आलं.

“मला एक विचारायचंय,” मी म्हणाले.

“विचारा.”

“तुम्हाला मी आवडते का?”

तो गोंधळला. “हे... आत्ता?”

“आत्ताच. नाही म्हणालात तरी चालेल. पण मला कळू दे.”

त्यानं माझा ओला हात दोन्ही हातांत घेतला.

“आवडतेस,” तो म्हणाला. “फार आवडतेस. आणि... मी?”

“हो!” मी रडतच म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की आत काउंटरवर बसलेल्या तिच्या भावानंसुद्धा दचकून मान वर केली.