न वाळलेली होडी

खोटंच सांगायचं असतं, तर शेवट गोड केला असता. हे माझ्या घरात घडलंय. विस नावाच्या आमच्या बेटावर, गेल्या ऑक्टोबरात, एके दिवशी.

माझा धाकटा भाऊ बेपो तैलरंगात समुद्र रंगवतो. त्या दिवशी भर दुपारी आमच्या गच्चीत कॅनव्हास लावून बसला होता. माझा नवरा लोव्रे पहाटेच मासेमारीला गेलेला. दक्षिणेचा वारा सुटला होता आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

बेपोला कॉफी द्यायला गेले, तर चित्रात...

लोव्रेची निळी होडी.

आमच्याकडे समुद्रावर गेलेली होडी रंगवत नाहीत. तिची जागा कोरी सोडतात. माणूस परतला की तिथे रंगाचं पहिलं बोट तोच लावतो.

"अक्कल गहाण ठेवलीस का रे?"

"ताई, भाऊजी काय मिठाचे आहेत विरघळायला? आले की लावतील बोट."

दिवेलागणीला लोव्रे आला. होडी धक्क्याला बांधून, नखशिखांत भिजून. मला रडूच फुटलं.

"भाऊजी, आधी बोट लावा," बेपो म्हणाला. "नाहीतर ताई मला कच्चा खाईल."

लोव्रेनं ओल्या रंगावर बोट दाबलं. उचललं, तर...

बोट स्वच्छ.

मी तिथेच हात लावून पाहिला. माझं बोट निळं झालं.

बेपो हसला नाही. रंगांची पेटी तशीच टाकून घरी गेला. त्यानंतर तो आमची पायरी चढलेला नाही.

काही आठवड्यांत चित्रातला समुद्र वाळला. खडक वाळले. होडी मात्र...

आजही ओली आहे.

आणि लोव्रेचा त्या दिवशीचा सदरा अजून दोरीवर ठिबकतोय.

बाकी सगळं नेहमीसारखं. तो जेवतो, जाळी विणतो, माझ्या मीठ जास्त झालेल्या रश्श्याला नावं ठेवतो. तरी मला त्याची भीती वाटते. नवऱ्याची भीती वाटते हे सांगू तरी कुणाला?

काल संध्याकाळी वारा पुन्हा दक्षिणेचा झाला. लोव्रे चित्रासमोर बसला होता.

"दिंका, एवढं वारं सुटलंय. अजून कसा आला नाही तो?"

"कोण?"

त्यानं होडीकडे बोट दाखवलं.

"तुझा नवरा."

मी उठले आणि समुद्राकडच्या खिडकीत दिवा लावून ठेवला.