बाहीवरचं घड्याळ

"पट्टा लांब पाहिजे. शर्टाच्या बाहीवरून बांधायचंय."

मी मान वर केली. जिंतूरच्या बसस्टँडसमोर बाबांचं घड्याळाचं दुकान. त्यांची नजर अधू झाल्यापासून दुरुस्तीला मीच बसते. पण असलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच! बाहीला कापूस चिकटलेला, अन् डोळ्यांत नुसता खट्याळपणा.

"बाहीवरून कोण बांधतंय ओ?"

"अंतराळवीर बांधतेत की! त्यांच्या जाड सूटवरून. तिकडंबी चावीचं घड्याळ नेतेत, हे माझ्यासारखं."

"अन् तुमचं यान कोणतं?"

"कापसाची जिनिंग."

मी फस्सकन हसले. नाव प्रीतम, म्हणाला.

मग तो रोजच यायला लागला... चावी द्यायला! "तुझ्या हातानं दिली की लय झ्याक चालतंय," म्हणायचा. अन् मी पण वेडी — घड्याळ त्याच्या हातातच ठेवून चावी फिरवायची. मनगटाची ऊब बोटांना लागायची, वाटायचं, फिरवतच राहावं.

"वेचणी झाली की घरी बोलतो, मंजू." त्याच्या ह्या एका शब्दावर मी आलेलं चांगलं स्थळ बाबांना परत पाठवायला लावलं. वेचणी झाली. तो बोलतच राहिला, बोलतो म्हणून.

एका दुपारी बन्सीधरकाका आले, लेकीच्या साखरपुड्याचं घड्याळ घ्यायला. आमच्याकडं नवरदेवाला घड्याळ मुलीचा बापच घेतो.

"सेलचं दे पोरी, चावीची कटकट नको. पट्टा तेवढा लांब लाव. आमचे जावई बाहीवरून बांधतेत, अंतराळवीरावानी!" काका खुशीत हसले अन् बाहेर हाक मारली, "या बापू, माप द्या."

प्रीतम आत आला. मान खाली. हात पुढं केला.

"माप हाय माझ्याकडं," मी म्हणाले.

काकांना फोन आला, ते पायरीवर गेले. तसा तो पुटपुटला, "मंजू... आण्णांपुढं तोंडच उघडलं न्हाई गं."

"अंतराळाच्या गप्पा हाणतोस, अन् बापापुढं दातखीळ बसती व्हय रे?" माझा आवाज फाटला. पण मेले तरी त्याच्यापुढं रडणार नव्हते.

त्यानं जुनं घड्याळ काढून काचेवर ठेवलं. "हे राहू दे तुझ्याकडं... आठवण."

मी नव्या पट्ट्याला भोक पाडलं, जिथं पाहिजे तिथंच. मग ते जुनं त्याच्याकडं सरकवलं.

"इथं घड्याळं दुरुस्तीला घेतो आमी, जावईबापू. सांभाळायला न्हाई."