डावीकडे घ्या

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात मी एकोणीस वर्षं काम केलं. डेपोच्या तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, दोन टेलिफोन, वायरलेसचा संच, भिंतभर शहराचा नकाशा आणि खाली फाटकाकडे उघडणारी एक खिडकी. फोन आला की पत्ता लिहून घ्यायचा आणि माइकचं बटण दाबून जवळच्या गाडीला सांगायचं. बटण दाबलं की आपला आवाज जातो, सोडलं की समोरच्याचा येतो. जे बोललं जाईल ते कोपऱ्यातल्या यंत्रावर आपोआप टेप होतं. कामात गूढ असं काही नव्हतं.

गाडीवाले मला ‘कंट्रोल’ म्हणत. एकच जण कधीमधी चुकून ‘ताई’ म्हणायचा. तो माझा धाकटा भाऊ, सात नंबरच्या गाडीचा चालक. त्याला सगळे ‘नकाशा’ म्हणायचे. भिंतीवरचा नकाशा उंदरांनी खाल्ला तरी चालेल, मी दाढी करता करता दुसरा काढून देतो, असं तो म्हणायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

सलग तिसरी पाळी करणारा एक चालक स्टिअरिंगवर झोपला. तो आणि मागची आजारी बाई, दोघंही गेले. त्यानंतर संप झाला. दोन पाळ्यांच्या मध्ये झोप मिळाली पाहिजे, एवढीच मागणी होती.

मी संपावर गेले नाही. काम सोडल्यास अटक होईल अशी नोटीस टेबलावर होती, हे खरं. पण खरं कारण नोटीस नव्हती. फोन वाजत होता आणि वाजणारा फोन उचलल्याशिवाय मला राहवत नाही.

“म्हणजे उद्या सैनिक आणले तर त्यांना रस्ता तू दाखवणार?” भावाने विचारलं.

“फोन करणाऱ्याचा काय दोष?”

“दोष नाहीच. पण तू उठलीस तर सरकार दोन दिवसांत बोलायला येईल.” त्याने चपला घातल्या. “बस तू तिथेच.”

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

चौथ्या दिवशी सैनिक आले. मेजर माझ्याच खोलीत टेबल टाकून बसला. माणूस वाईट बोलणारा नव्हता, आवाज कधी चढवायचा नाही. मला ‘बाई’ म्हणायचा. हुकूम मात्र असे द्यायचा, जणू ते आधीच पाळले गेलेत. त्याने प्रत्येक गाडीवर दोन सैनिक बसवले. दगडफेकीची शक्यता म्हणून दोघांनीही पुढेच बसायचं, मागे रुग्णाजवळ कोणी नाही, आणि संपकऱ्यांशी एक शब्द बोलायचा नाही.

नवव्या दिवशी सकाळी फाटकासमोर संपकरी आडवे बसले. मी खिडकीत होते. मेजरने खालच्या सैनिकांना हात केला. पहिला ट्रक सुटला. माणसं दोन्ही बाजूंना पांगली. एक जण कुणाला तरी ओढून बाजूला करायला वाकला होता, तो उठेपर्यंत उशीर झाला. निळा शर्ट मी वरूनच ओळखला. आदल्या वर्षी भावाला मीच घेतला होता.

त्याला मागच्या गाडीत घातलं. चालवायला एक हवालदार होता, चाळिशीचा, भरघोस मिशांचा. सांगितलेलं सगळं दोनदा म्हणायची त्याला सवय होती. मोठं हॉस्पिटल आठ मिनिटांवर. मी बटण दाबलं.

“लाकडाच्या वखारीपाशी डावीकडे घ्या. शाळेमागच्या गल्लीतून—”

मेजरने माझ्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, घेतला. “त्या गल्लीत संपकऱ्यांची घरं आहेत, बाई. गाडी आमच्या नकाशाप्रमाणे पुलावरून जाईल.”

“पुलावर दुरुस्ती चाललीय. अडथळा लावलाय.”

“नकाशात तसं नाही.”

हवालदाराने उत्तर द्यायला बटण दाबलं की त्याच्या पाठीमागून आणखी एक आवाज यायचा. चालकामागच्या जाळीपलीकडून, दमलेला. “डावीकडे घ्या. अहो, डावीकडे घ्या.” तीनदा ऐकला मी तो. चौथ्यांदा हवालदार अडथळ्याशी पोहोचल्याचं कळवत होता, तेव्हा मागे काही नव्हतं. गाडी वळवून, कापडबाजाराच्या एकेरी रस्त्यात अडकून, ती हॉस्पिटलला पोहोचली तेव्हा एकेचाळीस मिनिटं झाली होती.

मृत्यूच्या कागदावर लिहिलं गेलं : ‘रस्त्यांची पुरेशी माहिती नसल्याने विलंब.’

वहिनी रडली नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. “वन्सं, तुम्ही होतात ना तिथे?” ती म्हणाली. “सगळं ऐकत होतात ना?”

“हो.”

“मग त्या माणसाला काहीच होणार नाही?”

मी तिसऱ्या दिवशी कामावर गेले. का, ते वहिनीला कळलं नाही, आणि मलाही ते धड सांगता आलं नसतं. मला फक्त मेजरच्या समोर बसायचं होतं.

बाराव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, शाळेच्या बाजूने एका बाळंतिणीसाठी फोन आला. हवालदार गल्ल्यांत चुकला. मी नकाशावर त्याची जागा शोधत होते. माइक टेबलावर पडला होता, बटणाला माझा हात लागलेला नव्हता. तेवढ्यात संचातून आवाज आला.

“वखारीपाशी डावीकडे घ्या.”

“डावीकडे, डावीकडे. समजलं, कंट्रोल,” हवालदार म्हणाला.

बाई वाचली, मूलही वाचलं.

मेजरने फायलीतून मान वर केली. “हा कोण?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं. आवाज मी ओळखला होता. फक्त माझी बुद्धी अजून दुसरीकडे बघत होती.

मी ठरवलं, संपकऱ्यांपैकी कुणाला तरी दया आली असणार आणि त्याच्याकडे चालू संच असणार. आवाज सारखा वाटला, तर वाटला. संचांची यादी घेऊन मी एकेक ताडून पाहिला. अकरा गाड्या, अकरा संच. नऊ सैनिकांकडे. एक दुरुस्तीला. उरला सात नंबरचा.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली शेडमध्ये गेले. सात नंबर भिंतीला टेकून उभी होती. संच काढून मागच्या फळीवर ठेवलेला, त्याच्या जागी चौकोनी भोक आणि त्यातून लोंबणाऱ्या चार वायरी. बॅटरीही नव्हती. बाहेर रखरखीत ऊन होतं. गाडीच्या समोरच्या काचेवर मात्र आतून वाफ धरली होती, फक्त चालकाच्या बाजूला, तोंडासमोर धरते तेवढीच.

मी दार उघडलं नाही. वर आले आणि पुढचा फोन घेतला.

त्यानंतर आवाज रोज येऊ लागला. जिथे सैनिक अडले तिथे. कुठे सरळ, कुठे उजवीकडे, बहुतेक वेळा डावीकडे. जास्त काही बोलायचा नाही. एकदाही चुकला नाही. हवालदाराने तर मला विचारणंच सोडलं. एकदा पाळी संपल्यावर जिन्यात भेटला. “तुमचा तो माणूस फार पक्का आहे हो, ताई,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “त्या दिवशी मागून सांगत होते ते ऐकलं नाही मी. हुकूम होता. आता जे सांगतील ते ऐकतो.”

वर्तमानपत्रांत आलं की सैनिक आल्यापासून गाड्या पूर्वीपेक्षा लवकर पोहोचतात. मेजरने ते कात्रण भिंतीला लावलं. फाटकाबाहेरची गर्दी निम्म्यावर आली. दोन चालक माफीनामा लिहून कामावर परतले. संप मोडायला आला होता, आणि तो माझा भाऊ मोडत होता.

घरी जाताना मी रस्त्यात मोठ्याने म्हणाले, “तुला लाज नाही वाटत?” शेजारून जाणारी बाई दचकली.

त्याच्या बाबतीत माझी केवढी चूक झाली होती, ते मला सतराव्या दिवशी कळलं.

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मेजर उभा राहून फोनवर बोलत होता. त्याने फोन खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि सावकाश, शिस्तीत, खुर्चीच्या बाजूला जमिनीवर बसला. त्याचा चेहरा घामाने चमकत होता.

“बाई,” तो म्हणाला, “गाडी.”

मी गाडी बोलावली. मला हे सांगायलाच हवं, की मी एक क्षणही उशीर केला नाही. हवालदार खालीच होता. स्ट्रेचर वर आलं, खाली गेलं. मेजरला मागे ठेवलं, दार लावलं, आणि नियमाप्रमाणे दोघंही सैनिक पुढे बसले. मी खिडकीतून पाहत होते. मागे दुसरं कोणी नव्हतं. गाडी फाटकाबाहेर पडली.

खोलीत मी एकटी उरले. माइक हातात घेतला.

“कंट्रोल, वखारीपाशी आलो. डावीकडेच ना?”

मी बटण दाबणार, त्याआधी संचातून आवाज आला. शांत होता. दमलेला नव्हता.

“सरळ चला.”

हवालदार थबकला असणार. इंजिनचा आवाज तसाच येत राहिला. “कंट्रोल, सरळ? बरोबर आहे ना?”

मला सगळं एकदम समजलं. पाच दिवस तो त्यांना ऐकायची सवय लावत होता. आणि शेवटचा शब्द त्याने माझ्यासाठी राखून ठेवला होता.

डावीकडे, सहा मिनिटं, हॉस्पिटल. मला हे झोपेतही सांगता आलं असतं.

मी बटण दाबलं.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

“सरळ, सरळ. समजलं.”

मग तोच आवाज : गोदामांच्या मागे डावीकडे. पुन्हा डावीकडे. कालव्याच्या कडेने खाली. मी नकाशाकडे बघितलं नाही. डोळे मिटले तरी गाडी दिसत होती.

“कंट्रोल, मला वाटतं आपण लांब चाललोय. बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

कापडबाजार. हॉर्न. हातगाड्या. कुणीतरी ओरडत होतं.

टेबलावरचा दुसरा फोन वाजू लागला. मी तो उचलला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

“डावीकडे घ्या.”

“कंट्रोल, पुढे तोच पूल आहे. अडथळा आहे. ताई, बरोबर आहे ना?”

घड्याळात बारा वाजायला तीन मिनिटं होती.

“बरोबर आहे.”

गाडी हॉस्पिटलला पोहोचली, तेव्हा एकेचाळीस मिनिटं झाली होती. माइक खाली ठेवताना मला काही वाटलं नाही असं सांगितलं, तर ते खोटं ठरेल. बरं वाटलं. पोटभर जेवल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

तीन दिवसांनी संप मिटला. झोपेची मागणी मान्य झाली. सैनिकांनी गाड्या धुऊन, चाव्या मोजून परत दिल्या. संचातून तो आवाज पुन्हा कधीच आला नाही.

चौकशी झाली. चौकशी अधिकारी पिकल्या केसांचा, सौम्य माणूस होता. त्याने माझ्यासमोर टेप लावली. हवालदाराचे प्रश्न स्वच्छ ऐकू येत होते. माझं ‘बरोबर आहे’ही. मधे नुसती खरखर होती.

“बाई,” त्याने विचारलं, “तो काय बरोबर आहे का म्हणून विचारतोय? त्याला तर कुणी काहीच सांगितलेलं नाही.”

“रस्ता,” मी म्हणाले.

त्याने टेप बंद केली. सैन्याचा मेजर सैनिकांनीच चालवलेल्या गाडीत रस्ता चुकून गेला, ही गोष्ट कुणालाच फार दिवस चघळायची नव्हती. त्याने लिहिलं : ‘रस्त्यांची पुरेशी माहिती नसल्याने विलंब.’ मी खाली सही केली.

मी वहिनीला जाऊन सांगितलं, तो माणूस गेला. तिने मान हलवली आणि मला बसायला खुर्ची दिली. कसा गेला, ते तिने विचारलं नाही.

पलटण परत जायच्या दिवशी दुपारी हवालदार वर आला. गणवेश इस्त्रीचा, मिशा कापलेल्या. दारातच उभा राहिला.

“निघालो, ताई. एक विचारायचं होतं. चौकशीत बोललो नाही, म्हटलं वेड्यात काढतील.”

“बोला ना.”

“त्या दिवशी मागे कोणाला बसवलं होतं का? तुमच्यापैकी कोणाला?”

“नाही. मागे कोणी नव्हतं.”

“मीही तसंच म्हणतोय. दार मीच लावलं.” त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “पण साहेब पूर्ण वेळ शुद्धीत होते. जाळीतून ऐकू येत होतं. एकसारखं एकच म्हणत होते, ‘बाई, हात सोडा. बाई, हात सोडा.’ आणि उतरवलं तेव्हा त्यांच्या मनगटावर बोटं उठली होती. बारीक बोटं. बायकांची असतात तशी.”

तो माझ्याकडे बघत राहिला. टेबलावरचा फोन वाजू लागला. शेवटी त्याने नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.

मी डाव्या हाताने फोन उचलला आणि डाव्याच हाताने पत्ता लिहून घेतला. उजवा हात टेबलाखाली मांडीवर होता. त्या दिवशी माइक ठेवल्यापासून त्याची बोटं आत वळलेलीच आहेत. डॉक्टर म्हणतात, शिरेत दोष काही नाही. पण ती उघडत नाहीत, आणि मधली जागा अगदी एका मनगटाएवढी आहे.