किल्टवर पायात काय?

दार उघडून क्षितिजा आत आली आणि तिच्या हातातला वह्यांचा गठ्ठा धाडकन खाली पडला.

हॉलच्या मधोमध एक उंचापुरा तरुण चौकटीचौकटींचा, गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यानिऱ्यांचा घागरा नेसून उभा होता. आणि तिची आई, चक्क तिची आई, तोंडात टाचण्या धरून त्याच्या निऱ्या सारख्या करत होती!

सौदीतल्या दम्मामच्या शाळेत सातवीच्या दोन तुकड्यांना गणित शिकवून आलेल्या मुलीनं घरी येऊन काय काय बघायचं, याला काही मर्यादा?

"अगं, ओरडू नकोस," सरोजताई म्हणाल्या. बिल्डिंगमधल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्याच शिवायच्या. "हा शर्विल. वरच्या मजल्यावर राहायला आलाय. कमरेत घट्ट होतोय म्हणाला, म्हटलं बघू."

"घागरा नाही हं," तिच्या मनातलं ओळखून तो घाईघाईनं म्हणाला, "किल्ट. स्कॉटलंडला शिकायला होतो, तेव्हा घेतलेला. आमचे साहेब तिकडचेच. शुक्रवारी त्यांच्या निरोपाचं जेवण आहे कंपनीच्या कंपाउंडमध्ये, आणि त्यांची एकच इच्छा... मी हा घालून यावं."

"आणि पायात?"

त्यानं दाराकडे बोट दाखवलं. चपलांच्या मांडणीजवळ भडक नारिंगी रंगाचे स्पोर्ट्स शूज होते. क्षितिजानं कपाळाला हात लावला.

"का? नाही चालणार?"

"धावतील," ती म्हणाली. "चालणार नाहीत."

तो हसला. डावीकडे एक छोटीशी खळी पडली, आणि क्षितिजा एकदम वह्या गोळा करायला खाली वाकली. वह्या बिचाऱ्या जरा जास्तच वेळ गोळा होत राहिल्या.

सोमवारी तो ऑफिसचे काळे बूट घेऊन आला. "परेडला निघालेला शाळकरी मुलगा," क्षितिजानं निकाल दिला. मंगळवारी कोल्हापुरी आल्या. लोकरीच्या लांब मोज्यांवर अंगठा काही त्यांत शिरेना; तो एका पायावर लंगडत हॉलभर फिरला आणि क्षितिजाच्या बाबांनी, सदानंदरावांनी, बातम्या बंद करून हा तमाशा बघितला.

"अहो, मुळात याच्यावर घालतात तरी काय?" तिनं वैतागून विचारलं.

"त्यांचे खास बूट असतात. जीभ नसलेले. लांब नाड्या पोटरीपर्यंत गुंडाळायच्या. चिखलात पाणी शिरलं तरी निघून जावं आणि पाय सुकावा म्हणून."

"म्हणजे चिखलाचे बूट. या वाळूत."

"हो ना... ऑनलाइन मागवले तर तीन आठवडे लागतात."

क्षितिजा हार मानणाऱ्यांतली नव्हती. बुधवारी संध्याकाळी सरोजताईंना बरोबर घेऊन दोघं जुन्या बाजारात मोहियुद्दीनचाचांच्या दुकानात गेले. चपला-बूट दुरुस्त करण्यात चाचांचे केस पिकले होते. त्यांनी शर्विलचे काळे बूट उलटेपालटे केले, फोनवरचा फोटो पाहिला, दुकानातला त्याच मापाचा एक काळा जोड काढला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बेटी, जीभ काट दूँ? पक्का?"

"काट दीजिए, चाचा."

जीभ निघाली. नवी भोकं पडली. काळ्या, गोंडे लावलेल्या, हातभर लांब नाड्या ओवल्या गेल्या. शर्विलला गाठ काही जमेना, तेव्हा क्षितिजानं स्वतःच्याच मनगटावर नाडी गुंडाळून दाखवली.

"अशी... समोर पीळ द्यायचा. मग मागून फिरवून पुन्हा पुढे. बघताय ना?"

"बघतोय," तो म्हणाला. तो नाडीकडे बघतच नव्हता. सरोजताईंना मात्र त्याच वेळी समोरच्या दुकानातले काचेचे डबे फार आवडले.

बुटांची किंमत आणि चाचांची मजुरी क्षितिजानं पुढे होऊन दिली. "माझ्याकडून भेट समज," ती बोलून गेली. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी सरोजताई भाजी निवडत होत्या. बोलता बोलता भेटीचं निघालं आणि त्यांच्या हातातली जुडी गळून पडली.

"जोडे भेट दिलेस? अगं मुली... जोडे कधी कुणाला देतात का? दिलेले जोडे माणसाला लांब घेऊन जातात!"

"आई, काहीतरीच काय तुझं!"

तेवढ्यात फोन वाजला. शर्विलचा मेसेज होता. *साहेबांनी जेवणात सांगितलं, त्यांच्याबरोबर मलाही स्कॉटलंडच्या ऑफिसात बोलावताहेत. आत्ताच उत्तर द्यायचंय.*

क्षितिजाच्या पायाखालची वाळू सरकली. 'अभिनंदन' लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. पाच दिवस. फक्त पाच दिवसांची ओळख, आणि एक शब्द लिहायला एवढं जड का जातंय? तिला स्वतःचाच राग आला. रडूही आलं. शेवटी तिनं 'अभिनंदन' पाठवलं आणि फोन उशीखाली खुपसला.

संध्याकाळची, मगरिबची अजान झाली तशी दारावरची बेल वाजली.

दारात शर्विल उभा होता. किल्ट, लोकरीचे मोजे... आणि बूट हातात!

"परत करायला आलोय."

"आवडले नाहीत?" तिचा आवाज चिरकला.

"साहेबांनी दोनदा विचारलं कुठून आणले म्हणून. पण मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले, तर ती किंचाळलीच. म्हणाली, आधी परत कर, दिलेले जोडे लांब नेतात. आणि तासाभरात हे स्कॉटलंड निघालं. सांग, मी घाबरणार नाही?"

त्यानं वाकून चपलांच्या मांडणीवर, सदानंदरावांच्या चपलांशेजारी बूट नीट जोडून ठेवले.

"हे इथेच राहू देत. मी साहेबांना नाही म्हणालो. दम्मामचं काम अर्धं सोडून जाणार नाही, असं सांगितलं."

"आणि खरं कारण?"

"खरं कारण दारात उभं राहून मला आत ये म्हणत नाहीये."

"शर्विल... तू वेडा आहेस का? पाच दिवसांत?"

"पहिल्याच दिवशी. वह्या पडल्या तेव्हा. तू माझ्या पायांकडे बघत होतीस आणि मी..." तो अडखळला. "मला तू आवडतेस, क्षितिजा. तुझं काय, ते तू सांग. नाही म्हणालीस, तर बूट घेऊन निघतो."

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बुटांकडे. मग चटकन बूट उचलून मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर, स्वतःच्या सँडलशेजारी ठेवले.

"हात नाही लावायचा," ती म्हणाली. "आत ये."

आतून सदानंदराव नुसते खाकरले. सरोजताईंनी चहाचं आधण दोन कपांनी वाढवलं.

चहा झाला, गप्पा झाल्या, आणि निघताना शर्विल दारात थबकला. बूट तर न्यायचे नव्हते. सदानंदरावांच्या निळ्या रबरी स्लिपर त्यानं मुकाट्यानं पायात अडकवल्या आणि मोज्यांनिशी फटक फटक करत जिना चढू लागला.

क्षितिजा कठड्याला टेकून बघत राहिली. पाच दिवस शोध शोध शोधलं होतं, पण त्या किल्टवर इतकं शोभणारं दुसरं काही तिनं पाहिलं नव्हतं.

"क्षितिजा," आतून बाबांची हाक आली, "माझ्या स्लिपर कुठे गेल्या गं?"

"येतील, बाबा," ती म्हणाली. "उद्या सकाळीच येतील."